चित्र तेच, ठप्पा दुसरा

आनंदा बैसाणेला सुरतेत कुणी आनंदा म्हणत नसे. सुरतेचा कायदाच आहे, माणूस कुठूनही येवो, आठवडाभरात त्याचा भाई होतो. साक्री तालुक्यातल्या गावाहून नवापूरला येऊन हा गाडीत बसला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं, आणि पांडेसऱ्याच्या मिलमध्ये पाय ठेवला तो आनंदभाई होऊनच. आता मिशा पांढऱ्या झाल्या, बमरोलीत दोन खोल्यांचं पक्कं घर झालं, पण मिल तीच आणि टेबलही तेच. छापून, रंगवून आलेलं साडीचं कापड खालून दिवा लावलेल्या तिरप्या काचेवरून सरकत जायचं आणि आनंदा समोर उभा राहून त्यातले दोष हेरायचा. कुठे छाप सरकली, कुठे रंग फुटला, कुठे तेलाचा डाग. कापडाच्या ताग्याला तिथे ताका म्हणतात. ताका संपला की त्याच्या टोकावर ठप्पा मारायचा. बिनदोष असेल तर ‘फ्रेश’, दोष असेल तर ‘सेकंड’. तिसरा ठप्पा टेबलावर नव्हता.

टेबलाचे दोन नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, म्हणूनच बहुतेक कुणी मोडत नव्हतं. दुसऱ्यानं ठप्पा मारलेला ताका उलगडायचा नाही, आणि स्वतःचा ठप्पा बदलायचा नाही. काल सेकंड म्हणणारा चेकर आज त्याच ताक्याला फ्रेश म्हणतो म्हणजे काय? एकतर काल त्याला दिसत नव्हतं, नाहीतर मधल्या वेळात त्याला कुणीतरी गाठलं. एकदा खुद्द शेठ एक लहानसा डाग सोडून द्या म्हणायला टेबलाशी आले होते. “आनंदभाई, आ तो नानो डाघ छे, जवा दो ने,” म्हणाले. आनंदा मान वर न करता बोलला, “शेठ, ठप्पा लागी गयो.” शेठ हसत निघून गेले आणि त्या दिवसापासून आनंदाचा ठप्पा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली.

याचा त्याला अभिमान होता आणि घरच्यांना ताप. कारण हा माणूस घरीही ठप्पे मारायचा. भाजीवाला सेकंड, समोरचा भाडेकरू सेकंड, नवा मिक्सर तर दुकानातच सेकंड. साक्षीला, त्याच्या एकुलत्या एका मुलीला, बघायला आलेल्या पहिल्या मुलाचा निकाल त्यानं पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत लावला होता. मुलगा उगाच हसतो, हे कारण. साक्षी भेस्तानच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवते, जिभेची तिखट. “पप्पा, माणसांना उलगडून तरी बघत जा थोडं,” ती म्हणायची. हा ऐकल्यासारखं करायचा.

तर अशा माणसाचे डोळे पिवळे झाले.

ते आधी पाहिले टेबलावरच्या जोडीदारानं, चिंधानं. “आनंदा, तुना डोया पिवया दिसी राह्यनात,” तो म्हणाला. आनंदानं काचेखालच्या दिव्याला दोष दिला. मग अंगाला खाज सुटली, ती इतकी की रात्री पाठ भिंतीला घासायची वेळ आली. कामरेजकडे एक जण कावीळ उतरवतो म्हणून त्याची बायको सुंदरा त्याला घेऊन गेली. त्यानं मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवली, माळ वाढत वाढत पोटापर्यंत आली, सगळे म्हणाले उतरली. डोळे मात्र हळदीचे हळदीचेच राहिले. “इतलं लांब जाई उनूत, भाड्याना रिक्षावाला बी नीट बोलना नही,” सुंदरा परतीच्या वाटेवर कुरकुरत होती. तिच्या कुरकुरीत भीती होती, पण ती आनंदाला ऐकू येत नव्हती, कारण तो रिक्षाच्या आरशात स्वतःचेच डोळे तपासत होता.

शेवटी साक्षीनं सगळी सूत्रं हातात घेतली. मोठ्या दवाखान्यात पित्ताच्या नळीत जाळी बसवली, कावीळ ओसरली आणि स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती. गाठीचा तुकडा सुईनं काढून तपासला, कॅन्सर निघाला.

पण खरा प्रश्न कॅन्सर आहे की नाही हा नव्हताच, गाठ काढता येते की नाही हा होता. या रोगात जी गाठ अख्खी निघते तिचाच माणूस पुढे बरी वाट चालतो. बाकीच्यांना औषधं देतात आणि चांगलं बोलतात. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला. ही आतड्यांकडे जाणारी मोठी धमनी. गाठ तिला नुसती टेकली असेल, अर्ध्यापेक्षा कमी भागाला, तर मार्ग निघतो. अर्ध्याच्या वर वेढा पडला की सर्जन हात लावत नाही, कारण ती धमनी तुटली तर सगळं आतडं मरतं. आनंदाच्या चित्रात वेढा अर्ध्याच्या वर होता. रिपोर्टखाली सही होती स्कॅन वाचणाऱ्या डॉ. केतकी सबनीस यांची आणि शेवटची ओळ होती, गाठ सध्या शस्त्रक्रियेनं काढता येण्याजोगी नाही.

साक्षी रडली, सुंदरानं पदर तोंडात कोंबला. आनंदा मात्र ताठ बसून होता. त्याला काय वाटलं म्हणाल तर, आश्चर्य वाटेल, थोडं बरं वाटलं. इतके दिवस कोण कावीळ म्हणत होतं, कोण लिव्हर, कोण टेन्शन. आता कुणीतरी दिव्यावर धरून नीट बघितलं होतं आणि ठप्पा मारला होता. सेकंड तर सेकंड. ‘सध्या’ हा शब्द त्या ओळीत होता, पण त्याच्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. ठप्प्यात ‘सध्या’ असतं कुठे?

केमो घ्यायचं त्यानं साक्षीच्या हट्टापायी कबूल केलं. दर पंधरवड्याला बाटल्या चढायच्या. तोंडाची चव गेली, वजन उतरलं, गार पाण्याला हात लावला की बोटांत सुया टोचायच्या. पुढे बोटांची टोकं बधिर झाली. एकदा मिलमध्ये सगळ्यांना भेटायला गेला तर सवयीनं त्यानं कापड चिमटीत धरलं, आणि ते सुती आहे का सिंथेटिक तेच कळेना. चिंधानं मान दुसरीकडे वळवली. आनंदा त्यानंतर मिलकडे फिरकला नाही. घरी बसून तो मनातल्या मनात आवराआवर करू लागला. साक्षीचं लग्न, सुंदराचं राहणं, गावचं घर भावाला द्यायचं का नाही. ठरलेल्या मरणाची एक सोय असते, कामाला लागता येतं.

औषधाचे सगळे फेरे संपल्यावर पुन्हा स्कॅन झाला. दोन दिवसांनी साक्षी संध्याकाळी धापा टाकत घरी आली, चप्पलही पायातच.

“पप्पा, हॉस्पिटलमधून फोन आलेला. डॉक्टरांची मीटिंग झाली. ते बोलतात ऑपरेशन करू शकतात!”

सुंदरानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. आनंदा म्हणाला, “गाठ बारीक व्हयनी?”

साक्षीनं पर्समध्ये हात घातला. मोबाइलवर रिपोर्ट होता, तिनं वाचून दाखवला. गाठीच्या आकारात फारसा फरक नाही. धमनीभोवतीचा वेढा जवळपास पूर्वीइतकाच. आणि त्याखाली, उपचारानंतर शस्त्रक्रियेच्या शक्यतेचा विचार व्हावा. खाली सही त्याच केतकी सबनीस यांची.

“मंग बदलनं काय?”

“रक्तातला कॅन्सरचा आकडा खूप उतरलाय. आणि बाकी कुठे पसरलं नाही.”

“वेढा तितलाच शे?”

“हो, पण…”

“बाई तीच?”

“तीच.”

आनंदा उठून ओट्यावर जाऊन बसला. त्याच्या डोक्याचा भुगा झाला होता. चित्र तेच, बघणारी तीच, मग ठप्पा दुसरा कसा? जन्मभर ज्या गोष्टीला त्यानं एकच अर्थ लावला होता तोच अर्थ आपोआप पुढे आला. बाईला त्या दिवशी दिसलं नव्हतं, असं म्हणावं तर मोठ्या दवाखान्यातली बाई. म्हणजे राहिलं दुसरं. कुणीतरी तिला गाठलं. आणि गाठणारं या घरात एकच माणूस होतं.

रात्रीचं जेवण झालंच नाही. “तू कोनाले भेटनी?” त्यानं साक्षीला विचारलं.

“कोणाला नाही!”

“खोटं नको बोलू. कोनापुढे हात जोडात? मना बापले मोकयं सोडू नका म्हनीसन रडनी का तठे जाई?”

“पप्पा, सच बोलती हूँ, किसी को नहीं मिली.” साक्षी चिडली की हिंदीवर जाते. “तुम्हाला मरायचंच आहे काय? डॉक्टर करतो म्हणतोय आणि तुम्ही वशिला शोधताय!”

“मरानं नही माले,” आनंदा ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. “पन खोट्या ठप्प्यावर पोट फाडी लेवानं का?”

इतके महिने शांत होता तो माणूस. मरायचं नक्की होतं तेव्हा झोप लागायची. आता जगायची फट दिसली आणि जीव घाबरा झाला.

पुढचे चार-आठ दिवस घराची धर्मशाळा झाली. बमरोलीत बातमी पसरायला वारा लागत नाही. जितकी तोंडं तितकी मतं. कुणी म्हणे हवा लागली की कॅन्सर अंगभर पसरतो, अजिबात उघडू देऊ नका. कुणी म्हणे डॉक्टर सांगतोय तर देवासारखा सांगतोय. विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर एका वयस्क गृहस्थांनी त्याला बाजूला घेतलं, सगळं अनित्य आहे असं सांगितलं आणि लगेच बडोद्याच्या एका वैद्याचा नंबरही दिला. चिंधा आला, बराच वेळ बसला, चहा प्यायला. “मी काय म्हनस, त्या बाईनी पहिलांदाच गलती कयी व्हई,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “नाही तं आते करी राह्यनी व्हई.” एवढं मोलाचं मार्गदर्शन करून तो दुसऱ्या पाळीला निघून गेला.

सुंदराला तर काहीच ठरवता येत नव्हतं. सकाळी म्हणायची करून टाका, दुपारी म्हणायची नको बाई, संध्याकाळी दोन्ही म्हणायची. “तुमले काय वाटस ते तरी सांगा ना, साक्षीना पप्पा,” ती विनवायची. आनंदाला काय वाटतं तेच त्याला कळत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हो म्हणावं तर खोट्यावर विश्वास ठेवल्यासारखं, नाही म्हणावं तर मुलीचं तोंड बघवत नाही. आणि सगळ्यात खाली, जिथे माणूस स्वतःशीही बोलत नाही तिथे, त्याला जगायचं होतं. भयंकर जगायचं होतं. त्याचीच त्याला लाज वाटत होती.

एक दिवस तो कुणाला न सांगता सिटी बसमध्ये बसला आणि दवाखान्यात गेला. चौकशीच्या खिडकीवर केतकी मॅडम कुठे बसतात म्हणून विचारलं. तळघरात, असं उत्तर आलं. तिथे एका अंधाऱ्या खोलीत मोठमोठे पडदे उजळलेले होते आणि त्यांच्यासमोर स्वेटर घालून एक पन्नाशीची बाई बसली होती. एसी इतका गार की आनंदाच्या बोटांत लगेच सुया टोचू लागल्या. त्यानं नाव सांगितलं.

“पेशंटला असं आत येऊ देत नाहीत, काका,” ती म्हणाली. मग त्याचं आडनाव पुन्हा विचारलं आणि खुर्ची पुढे केली. “बसा. काय झालं?”

“मॅडम, एक विचारायचं. मराठी आहात म्हणून विचारतो.” तो खुर्चीच्या कडेवर टेकला. “माझी मुलगी तुम्हाला भेटली होती का?”

“नाही. का?”

“कोणाचा फोन? चिठ्ठी? कोणी सांगितलं असंल, याला हो म्हणा म्हणून?”

केतकी मॅडमचा चेहरा बदलला. तिला राग आला होता, आणि तो तिनं लपवला नाही. “माझ्या रिपोर्टवर कुणी फोन करून लिहून घेत नाही, काका. हे डोक्यातून काढून टाका आधी.”

“मग आधी नाही आणि आता हो, असं कसं? माझ्या कामात असं केलं तर हाकलून देतात.”

“काय काम करता?”

त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ती पडद्याकडे वळली. डावीकडे एक चित्र आलं, उजवीकडे दुसरं. “डावं तुमचं आधीचं. उजवं आत्ताचं. बघा.”

आनंदानं बघितलं. काळ्यात राखाडी, राखाडीत पांढरं. तिनं पेन्सिलीनं एक पांढरा ठिपका दाखवला. ती धमनी. तिच्या भोवती राखाडी धूर. दोन्हीकडे सारखाच. त्यानं पुढे वाकून बघितलं, मागे सरकून बघितलं, जन्मभराची नजर पणाला लावली. फरक नव्हता.

“सारखंच आहे,” तो म्हणाला.

“सारखंच आहे,” तीही म्हणाली. “पहिल्या वेळी तुम्हाला औषधाचा थेंब लागलेला नव्हता. तेव्हा हे राखाडी म्हणजे रोगच, दुसरं काही असूच शकत नव्हतं. म्हणून ‘नाही’ लिहिलं, आणि ते तेव्हा बरोबर होतं. आता इतके महिने औषध झालं. रोग मेला तरी ती जागा रिकामी होत नाही, तिथे व्रण राहतो. व्रणही राखाडीच दिसतो. जिवंत रोग आणि मेलेला रोग या चित्रात सारखे दिसतात, काका.”

“मग तुम्हाला काय दिसतं? जिवंत का मेलेला?”

“मला सांगता येत नाही.”

आनंदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “तुम्हाला सांगता येत नाही?”

“नाही. कुणालाच येत नाही. पोट उघडून तो तुकडा काढून तपासला तरच कळेल. मीटिंगमध्ये मी तेच सांगितलं.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“लाज नाही वाटली?” त्यानं विचारलं. उद्धटपणे नाही, त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

ती हसली, पहिल्यांदाच. “सुरुवातीला फार वाटायची. सोपं आहे हो, चित्र पूर्वीसारखंच आहे, लिहा ‘नाही’. मी आताही ‘नाही’च लिहिलं असतं तर तुम्ही आज इथे भांडायला आला असता का?”

आनंदानं विचार केला. “नसतो आलो.”

“कुणीच येत नाही,” ती म्हणाली आणि पुढचं चित्र उघडायला वळली, कारण बाहेर दुसऱ्या पेशंटची निकड होती.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून आनंदा बराच वेळ बाहेर बघत राहिला आणि त्याला काही दिसलं नाही. टेबलावर त्याच्यापुढेही असे ताके यायचे. अंधुक सावली, डाग म्हणावा तर डाग, धुण्यात निघून जाईल म्हणावं तर तसंही. दोन ठप्प्यांत त्याला जागा नव्हती. मग तो काय करायचा? सेकंड मारायचा. फ्रेशमध्ये चुकून गेलेला ताका मार्केटातून परत येतो, ओरड होते, नाव खराब होतं. सेकंडमध्ये चुकून गेलेला ताका कधी परत येत नाही. त्याच्या वतीनं कुणी भांडायला येत नाही. सगळी मिल म्हणायची आनंदभाईचा ठप्पा कधी चुकत नाही. चुकला असता तरी कळलं कुणाला असतं?

हे कळून त्याला काही मोठा प्रकाश पडला असं नाही. उलट होता तो आधारही गेला. आता बाई खोटी नव्हती, साक्षी खोटी नव्हती, चित्रही खोटं नव्हतं, आणि तरी ऑपरेशन करावं का नाही याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. भेस्तानचा फाटा मागे गेला तेव्हा आपण बमरोलीला उतरायचं विसरलो हे त्याला कळलं. उलट्या बाजूची रिक्षा करून तो घरी आला आणि साक्षीला एवढंच म्हणाला, “तू कोनाले भेटनी नही, ते खरं.” तिनं बापाकडे बघितलं आणि भाकरी वाढली.

सर्जन होते डॉक्टर वशी. इकडचेच, बलसाडकडचे, मोठ्या आवाजाचे. त्यांनी गोड बोलण्यात वेळ घालवला नाही. “आनंदभाई, पेट खोलूँगा. सबसे पहले नस के आसपास का टुकड़ा काटके वहीं जाँच को दूँगा. ज़िंदा निकला तो बंद करके बाहर आ जाऊँगा. मरा हुआ निकला तो पूरा निकालूँगा. वो दिन भर का काम है.” पुढे म्हणाले, निघालं तरी पुन्हा येऊ शकतं. एवढ्या मोठ्या ऑपरेशनमधून माणूस उठतोच असंही नाही. मग खोलीबाहेर पडता पडता साक्षीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बेटा, मैं जल्दी बाहर आया तो समझ जाना.”

ते आनंदानंही ऐकलं. जिना उतरताना तो साक्षीला म्हणाला, “हाई तुनी मायले सांगू नको.” सुंदराला समजलं असतं तर ती दाराकडे डोळे लावून बसली असती आणि ते दार कुणाहीसाठी उघडलं असतं तरी तिचा जीव गेला असता.

भरती व्हायच्या दिवशी सकाळी सुंदरा पिशवी भरत होती. टॉवेल, तांब्या, त्याचा चष्मा. “शेवटलं विचारस,” ती म्हणाली, “तुमले पटनं का?”

“नही.”

“मंग?”

“माले काहीच समजनं नही, सुंदरा,” तो म्हणाला. “इतला दिवस समजी घेवाना परयत्न कया. नही समजनं. पन मी जास.”

ती काहीतरी बोलणार होती, पण रिक्षा आली.

ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत नेताना त्यानं भिंतीवरच्या खिडकीतून बघितलं. बाहेर सकाळचं ऊन होतं. आपण जागे होऊ तेव्हा ऊन असलं तर नुसतं कापून शिवलं, अंधार असला तर काम झालं, असा त्यानं सरळ हिशेब लावला. मग तोंडावर मास्क आला.

जाग आली तेव्हा खिडकीच नव्हती. वर ट्यूबलाइट, बाजूला ट्यूबलाइट, मशीनची पिंपिं. ऊन नाही, अंधार नाही. नाकात नळी, पोटावर दगड ठेवल्यासारखं ओझं. त्यानं सिस्टरला खूण केली, तिला वाटलं पाणी मागतोय. “पाणी नहीं काका, अभी नहीं,” ती म्हणाली. त्यानं हात हलवून घड्याळ दाखवायचा प्रयत्न केला, तिला वाटलं सलाइन टोचतंय. हिशेब बुडाला. पोट शिवलेलं होतं एवढं नक्की, पण दोन्हीकडे पोट शिवतातच. तो पडून राहिला आणि त्याला रडू येऊ लागलं, आणि रडताना टाके ओढले म्हणून तेही जमेना.

केव्हातरी पडदा सरला आणि सुंदरा आत आली. अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा, डोक्याला टोपी, डोळे सुजलेले. आनंदा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. रडलेला चेहरा, पण कशानं रडलेला? विचारायचं धाडस त्याला होईना.

ती वाकली आणि पदरानं त्याचं कपाळ पुसू लागली. झग्याखालून पदर काढायला तिला कोण खटपट करावी लागली.

“कसा डॉक्टर शे हाऊ!” ती दबक्या आवाजात बडबडू लागली. “सकायपाशीन बशेल व्हतूत आम्ही त्या बाकड्यावर. दुसरासना डॉक्टर भराभर बाहेर येत, सांगी जात. आमनाच येच ना! जेवनवेळ व्हयनी, नही उना. साक्षीले म्हनं, जाई देख, ती पोर दाराकडे देखीसन नुसती हासे. येडी व्हयनी का काय म्हनं. दिवस बुडी गया, तरी तो मानूस बाहेर काही उना नही!”

आनंदानं डोळे मिटले. पाणी कानात उतरलं. सुंदरा घाबरली, पुसायला लागली, म्हणाली दुखतंय का, सिस्टरला बोलावू का. त्यानं बधिर बोटांनी तिचं मनगट धरलं. घसा खरवडून निघत होता, तरी त्यानं बोलून घेतलं.

“परत सांग,” तो म्हणाला. “पहिलापाशीन सांग.”